आईच्या गाण्याला मिळालेलं उत्तर

मी भिवंडीहून मस्कतला निघाले त्या सकाळी जीप दारात उभी होती. बाबा माझ्या बॅगेला पुन्हा पुन्हा सुतळी आवळत होते, आई डब्यात सुकटीची चटणी भरत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वहिनी, आज तरी तुमचं गाणं म्हणा."

"आज न्हाय," आई म्हणाली. "ते नाटकातल्या बाईचं हाय. मला माझी पोर हसत धाडायचीय."

तुम्ही जे तिथंच राहिलात, त्या तुम्हाला त्या गाण्याची ओळख करून द्यायला नको. पण माझ्यासारखे जे निघाले, ते गाणं गातात आणि ते कुठून आलं हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून लिहिते.

बाबा शाळेत मराठी शिकवायचे. ऐंशीच्या दशकात त्यांनी गणेशोत्सवासाठी एक नाटक लिहिलं. मुलगा दूरदेशी गेलेल्या आईचं. नाटक कंटाळवाणं होतं, हे बाबाही कबूल करायचे. त्यात एक गाणं होतं. चाल आईने लावली, पडघ्याकडच्या तिच्या माहेरी दळताना बायका म्हणायच्या त्या वळणाची. बाबांनी लिहिलं होतं, 'दारास कडी घालू नये, लेकरू यावयाचे आहे.'

"असं कुठली आई बोलते?" म्हणत आईने गायलं, 'दाराला कडी घालू नका गं, लेकरू यायचं हाय.' बाबांनी मुकाट्याने आपली ओळ खोडली.

नाटकात आईचं काम करणाऱ्या बाईंना सूर नव्हता, म्हणून आई विंगेत उभी राहून गाणार होती. ऐन गाण्यात लाइट गेली. माइक बंद पडला आणि गल्लीगल्लीतले कापडाचे लूमही थांबले. भिवंडीत ती खटखट थांबली की माणूस दचकतो. आई मात्र गात राहिली. लूमच्या शेडमधले उत्तरेकडचे कामगार उकाड्याने बाहेर आले होते, ते केसांत कापूस घेऊन मांडवाच्या कडेला उभे राहिले. मराठी त्यांना किती कळलं, कोण जाणे. लाइट आल्यावरही ते लगेच ड्युटीवर गेले नाहीत.

नाटक पुन्हा कधी झालं नाही. गाणं मात्र सुटलं. बँडवाले मुलीच्या पाठवणीला ते वाजवू लागले. भजनी मंडळाने लेकराच्या जागी देव बसवला. मग एका ऑर्केस्ट्राची कॅसेट आली, तिच्यावर छापलं होतं 'पारंपरिक'. बाबा भडकले, "मी जिवंत असताना पारंपरिक कसं?" आई पोट धरून हसली. "बरं झालं की. आता आपण गेलो तरी ऱ्हाईल."

मस्कतला मी हॉस्पिटलात नर्स होते. मराठी बोलायला कुणी नव्हतं. तोंडात सिस्टर, शिफ्ट, खल्लास आणि तिथल्या अरबीतलं यल्ला, म्हणजे चला, एवढंच. ते गाणं मी मुद्दाम ओठांवर येऊ देत नसे. आणि एक दिवस युनिफॉर्म शिवायला टाकायला गेले, तर मशीनवर बसलेले शिंपी रहमतभाई तीच चाल गुणगुणत होते.

"भाई, ये गाना कहाँ का है?"

"हमारे आज़मगढ़ का. पुराना है."

त्यांचे मोठे भाऊ भिवंडीत लूमवर होते. सुट्टीत गावी गेले ते हे गाणं घेऊनच.

"ये मेरी माँ का गाना है," मी म्हटलं.

ते हसले. "सबको यही लगता है, सिस्टर."

मग मी मराठीत गायले. मशीन थांबलं. माझं संपल्यावर रहमतभाईंनी पुढचा अंतरा हळूच धरला, आणि तो मी कधीच ऐकला नव्हता. त्यात मुलगा बोलत होता. 'अम्मा, कुंडी लगा के सो जा, मैं रस्ते में हूँ.' कुंडी म्हणजे आपली दाराची कडी. बाबांच्या नाटकात मुलगा रंगमंचावर येतच नाही. हे उत्तर लूमवरच्या कुठल्या तरी शिफ्टमध्ये, स्वतःच्या आया मागे सोडून आलेल्या माणसांनी रचलं असणार.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आई मेथी निवडत होती. मी तो अंतरा गायले. तिचा हात थांबला.

"परत म्हण."

परत म्हटला.

"इतकी वर्सं मीच हाका मारत हुते," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्याला ऐकूच येत न्हाय." मग डोळे पुसून तिने विचारलं, "त्या शिंप्याची आई हाय का गं?"

"आहे, गावी."

"मग त्याला सांग, जाऊन ये म्हणावं. नुसतं गाऊन भागत न्हाय."

मी निरोप दिला. रहमतभाई हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही. त्या ईदला ते गावी गेले. येताना त्यांच्या अम्मांनी माझ्या आईसाठी वड्या पाठवल्या. आईने उलट तांदळाचे पापड धाडले. त्या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. पण दुकानात पाऊल टाकलं की माझ्याआधी रहमतभाईच विचारायचे, "अम्मा कैसी हैं?"

आई गेली त्यानंतर मस्कतला परतले आणि पहिल्यांदा दुकानात गेले. त्यांनी सवयीने विचारलं. मी मान खाली घातली. रहमतभाईंनी मशीन बंद केलं, गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं, माझ्यासाठी स्टूल ओढलं आणि समोर बसून राहिले. चहा आला, गार झाला. गाणं आम्ही कुणीच म्हटलं नाही.

घर कुठं, असं आता कुणी विचारलं की भिवंडीच्या बरोबरीने मला ते स्टूल आठवतं.