अण्णांचं दुसरं बारसं

निलंग्याच्या स्टँडवरून हैदराबादची एसटी सकाळी सुटायची. सव्वीस वर्षांपूर्वी त्या गाडीत मी बसले, तेव्हा माय खिडकीखाली उभी राहून पदरानं नाक पुसत होती, दादा कंडक्टरशी सामानावरून हुज्जत घालत होता आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्या बॅगा मोजत होते. बॅगा दोनच होत्या. त्यांनी त्या तीनदा मोजल्या. गाडी हलली तेव्हा सगळ्यांनी हात केला, अण्णांनी मात्र पाठ फिरवली आणि ते चालू लागले. वळून बघतील म्हणून मी मान वाकडी करून बसले होते. मस्कतच्या विमानात बसेपर्यंत मला त्यांचा राग येत होता.

गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखे गल्फात येऊन म्हातारे व्हायला लागलेल्यांना, दोघांनाही हे लिहिते आहे. सलग चार ड्युट्या करून दमले आहे, तेव्हा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

लातूरला नर्सिंग झालं आणि मी इथल्या एका हॉस्पिटलात लागले. पहिल्या दोन वर्षांत मी घराची आठवण काढणं हळूहळू बंद केलं. काढली की इंजेक्शन देताना शीर चुकायची. मग पत्रं कमी झाली, फोन शुक्रवारवर आला. तिकडे माय आजारी असायची आणि इकडे मी रोस्टर, ओव्हरटाइम, रेसिडेंट कार्ड यांत गुंतलेली. आपण निष्ठुर आहोत हे मी तेव्हाच मनाशी कबूल करून टाकलं होतं, आणि ते ओझं घेऊनच इतकी वर्षं काढली. आता व्हॉट्सअॅपवर रोज तोंड दिसतं. तरी कॉल ठेवला की तेच वाटतं.

अण्णा फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेच्या सरहद्दीवर ते पकडले गेले. घरी तार आली ती एवढीच की जवान बेपत्ता आहे. माझा जन्म अजून फार पुढं होता. दादा सहा वर्षांचा होता. मायनं चार महिने वाट बघितली. मग अण्णांच्याच पलटणीतला बिलोलीकडचा एक जण रजेवर आला आणि त्यानं अण्णांना पडताना बघितल्याचं सांगितलं. पायात गोळी लागून पडले होते ते, पण मागं उभ्या माणसाला काय कळणार.

मग थोरले चुलते, तात्या, यांनी पुढाकार घेतला आणि अण्णांचे दिवस घातले. देह नव्हता म्हणून दर्भाचा पुतळा केला. सहा वर्षांच्या दादाचं डोकं भादरलं आणि त्याच्या हातून पुतळ्याला अग्नी दिला. मायचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. आणि दोन महिन्यांनी पाकिस्तानातल्या कैदेतून रेडक्रॉसचं छापील कार्ड आलं, खाली अण्णांच्या अक्षरात दोन ओळी: मी सुखरूप आहे, पाय बरा होतो आहे.

गाव आनंदानं वेडं झालं असेल असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. गावानं आधी विचार केला. ज्याचे दिवस झाले तो माणूस जिवंत कसा धरायचा, आणि त्याच्या बायकोनं कुंकू लावायचं की नाही? जाणत्यांनी ठरवलं, तो येईपर्यंत जे आहे ते असू द्या. म्हणजे नवरा जिवंत आहे हे कार्डावर वाचून माय सहा महिने पांढऱ्या कपाळानं वावरली. दुश्मनाच्या यादीत अण्णा जिवंत होते, आणि घरच्या यादीत मेलेले.

कैदेबद्दल अण्णा फार बोलले नाहीत. थंडी मरणाची, एका घोंगडीत दोघं, डाळीचं पाणी. तिथल्याच पाकिस्तानी कंपाउंडरनं पायातली गोळी काढली, भूल न देता. त्या जखमेचा व्रण मी नर्स झाल्यावर नीट बघितला आणि त्या अनोळखी माणसाच्या हाताला मनातल्या मनात मार्क दिले; काम चोख होतं. रोज सकाळ-संध्याकाळ कैद्यांची गिनती व्हायची. अण्णा म्हणायचे, "मोजत्यात तवर भ्या न्हाई. मोजायचं सोडलं की समजायचं." तेव्हापासून ते सगळं मोजायचे. शेरडं, पायऱ्या, ताटातल्या भाकरी, आम्ही.

वर्षभरानं सुटका झाली. लातूरहून एसटीनं निलंगा, तिथून चालत गाव. वेशीवर सगळं गाव जमलं होतं, पण आत कुणी घेईना. दिवस झालेला माणूस तसाच घरात आला तर घराला बरं नाही. निलंग्याच्या भटजींनी पोथी बघून सांगितलं की याला पुन्हा जन्माला घालावं लागेल. तोवर मुक्काम वेशीवरच्या मारुतीच्या देवळात. कुणाला वाईट वाटलं, कुणी भांडायला उठलं. अण्णाच म्हणाले, "पाकिस्तानात वर्ष काढलं, मारुतीपाशी दोन दिवस काढायला काय जातंय?"

तर तिसऱ्या दिवशी एकतीस वर्षांच्या फौजी गड्याला तूप माखून न्हाऊ घातलं आणि दुपट्यात गुंडाळलं. पाळण्यात मावेनात म्हणून पाळण्याच्या दोरीला हात लावून बसवलं. बायकांनी पाळणा म्हटला. अण्णांच्या आत्यानं कानात कुर्र करून नवं नाव ठेवलं. माणिकचा संतराम झाला. म्हणजे फौजेच्या कागदावर माणिक, गावात संतराम, आणि माय तर कुठलंच नाव घेत नव्हती. मग मुंज झाली, आणि लगेच मायशी लग्न. तीच बायको, तोच नवरा, पुन्हा अंतरपाट. त्यानंतर दीड वर्षानं मी झाले. शाळेत पोरं मला दुसऱ्या लग्नाची म्हणून चिडवायची, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मिरवल्यासारखं वाटायचं.

दादाला मात्र त्यात कधी गंमत वाटली नाही. अण्णा परत आले त्या दिवशी तो कडब्याच्या गंजीमागं लपून बसला होता. आपण बापाला जाळलं आणि आता तो जाब विचारायला आला, असं त्याला वाटत होतं. पुढे मोठा झाल्यावर त्यानं सगळा राग तात्यांवर काढला. गावात बोललं जायचंच, की भावाच्या जमिनीवर डोळा होता म्हणून तात्यांनी घाई केली. तात्या हे ऐकून घेत. कधी उलटून बोलले नाहीत. दादा त्यांच्या मयतीलासुद्धा गेला नाही.

यंदा उन्हाळ्यात अण्णा गेले. झोपेतच गेले, चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन. मला तिकीट मिळून पोचायला दोन दिवस लागले. अग्नी मी फोनवर बघितला, ड्युटीच्या गणवेशात, स्टोअर रूममध्ये उभी राहून. घरी पोचले तर दारात रडारड नव्हती, भांडण होतं.

दादाला सगळे दिवस रीतसर घालायचे होते. माय नाही म्हणत होती. कपाळावर कुंकू ठसठशीत होतं आणि हातात हिरव्या बांगड्या. सोप्यात खांबाला टेकून बसली होती. शेजारच्या बायका, दहाव्याला बांगड्या उतरवू, असं सुचवून गेल्या होत्या, त्यांना तिनं चहा पाजून परत पाठवलं होतं. दादानं मला बाजूला घेऊन सांगितलं, तू तिला समजाव, तुझं ऐकती. मायनं डोळ्यांनीच मला सांगितलं, त्याला समजाव. लांब राहणाऱ्या लेकीचा हाच उपयोग असतो. मी अजून पायसुद्धा धुतले नव्हते.

मी मायजवळ बसले आणि म्हणाले, आजकाल कुंकू कुणी पुसत नाही, तू राहू दे, पण दादाला त्याचं करू दे. ती म्हणाली, "त्यानं करावं की. मला बोलवू नका. एका माणसापायी दोनदा रांडव होणार न्हाई मी."

दादाचा साठ वर्षांचा चेहरा एकदम सहा वर्षांचा झाला. तो म्हणाला, "माय, तवा तात्यानं माझ्या हातून खोटं करवून घेतलं. आता एकदा तरी खरं करू दे. तू बसल्याबिगर ते पुरं होत न्हाई."

बाहेर उन्हात कुणीतरी सायकल लावली आणि परत गेलं. मग माय म्हणाली, "तात्यानं न्हाई. मी म्हणलं व्हतं त्यास्नी, करून टाका."

दादा उभा होता तो खाली बसला.

"वाट बघवत न्हवती रे. कुत्रं भुंकलं तरी उठायची. चूल पेटवायचं भान न्हाई, तू उपाशी दारात बसायचास. मेला म्हणलं की एकदाच रडून मोकळी हुईन, लेकराला जेवायला तरी घालीन. तात्या म्हणले, बाई, उद्या आला तर? मी म्हणलं, आला तर बोल मी खाईन. कार्ड आलं तवा तात्याच म्हणले, तुमचं नाव काढायचं न्हाई, मी बघतो." तिनं दादाकडे बघितलं. "मरूस्तोवर बघितलं त्यांनी."

अण्णांना हे माहीत होतं का, ते मी विचारलं.

"दुसऱ्या लग्नाआधी देवळात जाऊन सांगितलं. म्हणलं, असल्या बायकोशी उभं ऱ्हायचं नसंल तर आताच सांगा." मायनं हातातल्या बांगड्या मागं सारल्या. "तर म्हणले, बरं केलंस. मी बी तिथं तुमाला मेलेलंच धरलं व्हतं, त्याबिगर घास उतरत न्हवता."

मी उठून न्हाणीत गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले. मस्कतच्या त्या पहिल्या दोन वर्षांसाठी मी सव्वीस वर्षं स्वतःला शिव्या देत होते. अण्णांना हे कधी सांगायची माझी छाती झाली नव्हती. सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे मला आत्ता कळत होतं, आणि आता विचारायला ते नव्हते.

दादानं दिवस घातले. अण्णांचे झाल्यावर त्यानं भटजींना थांबवून घेतलं आणि तात्यांच्या नावानं वेगळा पिंड ठेवला. माय घरात ज्वारी निवडत बसली होती. तेराव्याला बरेच लोक जेवायला आले नाहीत. जे आले त्यांना तिनं स्वतः वाढलं, कुंकवासकट.

घर म्हणजे जिथं आपली वाट बघतात, असं आम्ही गल्फातली माणसं एकमेकांना सांगत असतो. शुक्रवारी रूमवर जेवताना कुणीतरी म्हणतंच. मी आता त्याला मान डोलावत नाही. माझ्या घरात दोघांनी एकमेकांना सोडून दिलं होतं, तोंडावर तसं सांगितलं, आणि त्यानंतर अंतरपाटाच्या दोन बाजूंना जाऊन उभे राहिले. त्या घरातली मी.

निघताना मी मायला म्हणाले, आता रोज फोन करीन, चुकवणार नाही.

"रोज नको," ती म्हणाली. "गेलीस की गेलीस. आलीस की दार हाय."

मी मान डोलावली, म्हणाले, हाव.