तेजसला हाक मी मारली नव्हती

भूतबित, दैवी संकेत वगैरे मी कधीच मानलं नाही. इथे कोणी असले किस्से टाकले की टिंगल करणाऱ्यांत मी पहिला. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांत स्की टूरिंगला गेलो होतो. म्हणजे लिफ्टबिफ्ट काही नाही. स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून आपापलं चढायचं आणि मग घसरत उतरायचं. मी आणि समीर मूळ पुण्याचे, नोकरीला बर्मिंगहॅममध्ये. तेजस आमच्याच ऑफिसातला, लंडनच्या वेम्बलीत जन्मलेला, त्यामुळे मराठी मोडकंतोडकं. तो नवखा, म्हणून सगळ्यात शेवटी, त्याच्या मागे राहायचं काम माझ्याकडे होतं.

माथ्यावर ढग उतरले. बर्फ कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं तेच कळेना. त्यात तेजस सारखा बूट आवळायला थांबायचा. मी गारठलो होतो, वैतागलो आणि सरळ त्याला ओलांडून पुढे गेलो. समीर एका खडकाच्या आडोशाला थांबला होता. त्याच्याशेजारी बसून मी चिवडा काढला.

"तेजस कुठाय? हाक मार ना त्याला," समीर म्हणाला.

"येईल रे. ट्रॅक आहे की समोर. किती लाड करायचे?"

 मी खात राहिलो.

ढग जरा विरले तेव्हा तेजस दिसला — आमच्या ट्रॅकपासून पार डावीकडे, कड्यापाशी. तिथे वाऱ्यानं बर्फाचा छज्जा तयार झालेला असतो, खाली आधार काहीच नाही. त्याच्या स्कीचे ठसे छज्ज्याच्या अगदी अलीकडे थांबले होते. आम्ही पोचल्यावर त्यानं मला घट्ट मिठी मारली.

"Thank God तू ओरडला! तुझी आवाज एकदम कानाजवळ आला... 'तेजा, थांब. मागे सर.' I just froze, man!"

त्याला तेजा फक्त मीच म्हणतो. समीरनं माझ्याकडे पाहिलं. मी खरं सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, "चल, थंडी वाढतेय."

परतल्यावर तेजसच्या आईनं आम्हाला जेवायला बोलावलं. मला डायनिंगच्या खुर्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसवलं, कुंकू लावलं आणि निरांजन ओवाळलं.

"काकू, अहो, कशाला हे..."

"गप रे. तू हाक मारली नसतीस तर..." समीर खाली मान घालून स्वतःच्या मोज्यांकडे बघत होता. आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर काकूंनी त्यात पेढा भरवला.

समीर म्हणतो, वाऱ्याचा भास असेल. पण वारा माझ्या आवाजात 'तेजा' कसा म्हणेल? मला आजही माहीत नाही. त्या दिवशी तिथे कोणीतरी बोललं, एवढं खरं. त्याच्या वाट्याचा पेढा मात्र मी खाल्ला.