वन्संची बाळंतपणाची फिल्म

माणसानं जन्माला कुठे यावं, कसं यावं आणि ते कुणी ठरवावं, या प्रश्नाचा आमच्या वन्संनी जितका विचार केला तितका ब्रह्मदेवानंही केला नसेल. ब्रह्मदेव आपला बसल्या जागी काम उरकत राहिला. वन्सं मात्र त्यापायी विमा कचेरीतून सहा महिन्यांच्या अर्धपगारी रजेवर गेल्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली चुलत बहीण. वय तेव्हा बेचाळीस, लग्न नाही, मूल नाही, अंबाड्यात कायम एक बॉलपेन खोचलेलं आणि पायात पुरुषी सँडल. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, बोरिवलीतच एकट्या राहायच्या. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती पूर्ण झाल्याशिवाय, किंवा तिची पूर्ण वाट लागल्याशिवाय बाहेर पडत नसे. आदल्या वर्षी सूर्यचूल शिरली होती. गच्चीवर सकाळी नऊला लावलेला वरणभात संध्याकाळी चारला व्हायचा आणि तोवर सोसायटीतले समस्त कावळे कठड्यावर पंगत धरून बसलेले असायचे. त्या भाताला आम्हाला सगळ्यांना बोलावणं असे, आणि जेवताना कुणी मिठाविषयी बोललं तर त्यांना सूर्याचा अपमान झाल्यासारखं वाटे.

बाळंतपण डोक्यात शिरलं ते एका रविवारी. त्या कुठल्याशा फिल्म क्लबच्या सभासद होत्या. तिथे त्यांनी एक परदेशी माहितीपट पाहिला. त्यात एक बाई आपल्याच घरात, आपल्याच पलंगावर बाळंत होते, नवरा शेजारी चहा करतो आणि सुईण कोपऱ्यात स्वेटर विणत बसलेली असते. सोमवारी सकाळी दूधवाल्याच्या आधी वन्सं आमच्या दारात. "बोरिवलीत लग्नाचा व्हिडिओ निघतो, मुंजीचा निघतो, परवा त्या शहांनी स्कूटर घेतली तिचासुद्धा निघाला," त्या चप्पल न काढताच म्हणाल्या, "मग बाईच्या बाळंतपणावर एक धड फिल्म का निघू नये? तिला कुठे बाळंत व्हायचंय, कुणासमोर व्हायचंय, हे तिला कुणी विचारतं का?" आमचे हे दाढी करत होते. त्यांनी फेसातून "नाही," म्हटलं, आणि फिल्मचं काम सुरू झालं.

आधी संशोधन. दोनशे पानी वही घेऊन वन्सं भेटेल त्या बाईला दोन प्रश्न विचारू लागल्या: बाळंतपण कुठे झालं आणि ते कुणी ठरवलं. भाजीवाली सुटली नाही, पोस्टातली बाई सुटली नाही, लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणारी सुटली नाही. उत्तरं एकापेक्षा एक. कुणाचं सासूनं ठरवलं, कुणाचं दिरानं. एकीचं बंद पडलेल्या एस्टीनं ठरवलं आणि ती महाडच्या स्टँडवरच मोकळी झाली. पुरुषांनाही त्या सोडत नसत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी फार भारदस्त गृहस्थ. त्यांना जिन्यात गाठून वन्संनी विचारलं, "तुमच्या मुलाच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभा होतो," ते म्हणाले.

"उभं राहून काय केलंत?"

त्यांनी बराच विचार केला. "पान खाल्लं," म्हणाले. वन्संनी ते तसंच वहीत उतरवून घेतलं आणि खाली त्यांची सही मागितली.

हसायला काय जातं, पण या बाईला विचारायचं कसं ते माहीत होतं हे कबूल केलं पाहिजे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्या माझ्याबरोबर आल्या आणि दहा मिनिटांसाठी आलेल्या बायका अडीच तास बसल्या. एकीनं सांगायला सुरुवात केली की दुसरी सरसावायची. पंचवीस वर्षं शेजारी राहिलेल्या दोघींना एकमेकींचं पहिलं मूल गेल्याचं त्या दिवशी कळलं. यजमानीणबाईंचं दूध उतू गेलं आणि शेवटी नवरे शोधत आले. वन्सं वही मिटून म्हणाल्या, "यांना कुणी बोलूच दिलं नव्हतं गं."

आता माझं सांगते. मला तेव्हा पाचवा महिना होता, दुसऱ्या खेपेचा. पहिली खेप माहेरी गिरगावात झाली होती, चांगल्या नावाजलेल्या प्रसूतिगृहात. सकाळी आठला मला आत नेलं आणि आईला बाहेरच्या बाकावर बसवलं. संध्याकाळी सहापर्यंत मी त्या खोलीत जवळजवळ एकटी होते. मधूनमधून आया डोकवायची आणि "तोंड मिटून कळा दे" म्हणून निघून जायची. मुलगा छान झाला, पेढे वाटले, आणि त्या दहा तासांविषयी मी कुणाशी चकार शब्द काढला नाही. पण दुसऱ्यांदा दिवस राहिल्यापासून ती खोली दुपारी डोळा लागला की दिसायची आणि मी घामानं डबडबून उठायची.

वन्संना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना दिसत होती ती माझी सप्टेंबरची तारीख. फिल्मसाठी घरात बाळंत होणारी बाई पाहिजे होती आणि ती देवानं घरातच पाठवली होती. त्यांनी आमच्या आतल्या खोलीची टेपनं मापं घेतली, लोखंडी कपाट प्रकाशाच्या आड येतं म्हणून ह्यांच्याकडून सरकवून घेतलं आणि पलंगाची दिशा तीनदा बदलली. सासूबाईंची पाचही बाळंतपणं कोकणात घरीच झालेली, म्हणून त्यांना मोठ्या उमेदीनं विचारलं, "काकू, घरीच बरं वाटलं ना?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "घरी झाली कारण डॉक्टर बारा कोसांवर होता. माझी हौस नव्हती ती. आणि पाचांतले चारच राहिले," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

वन्संनी तेही लिहिलं. मात्र कपाट परत जागेवर गेलं नाही. मी 'नाही' म्हणायला हवं होतं, पण त्यांचा उत्साह बघून माझी जीभ रेटेना. शिवाय खरं सांगायचं तर मला घरही नको होतं आणि दवाखानाही नको होता. मला काय हवंय हे माझं मलाच बोलता येत नव्हतं.

कॅमेरामन मिळाला तो लग्नांचे व्हिडिओ काढणारा. कांदिवलीत दुकान, मनगटात कडं, आणि कामाला वाघ. त्याचा समज असा की हे एक लांबलेलं डोहाळजेवण आहे. "ताई, टेन्शन घेऊ नका, एकदम झकास करून देतो. आपल्या व्हिडिओच्या मिक्सरमध्ये पाळणा आहे. पाळणा हलणार, त्यातून बाळाचा फोटो बाहेर येणार, बाजूनी बदाम." वन्संनी त्याला तासभर बाईच्या हक्कांविषयी समजावलं. त्यानं सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग बदाम नको? नुसता पाळणा ठेवू?" फिल्मचं नाव वन्संनी 'जन्म कुणाच्या मर्जीनं?' असं ठेवलं होतं. ते त्याला कोर्टातल्या नोटिशीसारखं वाटलं आणि ते त्यानं तोंडावर सांगितलं.

मला आठवा लागला तेव्हा वन्संना एक खरीखुरी सुईण सापडली. मालाडच्या एका चाळीत राहणारी, मालवणकडची ऐंशीची म्हातारी. मुलगा गिरणीत लागला तेव्हा त्याच्यामागून आलेली. गावात तिच्या हातानं शेकड्यांनी पोरं झालेली. तिची मुलाखत घ्यायची ठरली, आणि प्रात्यक्षिकाला म्हणून मलाही बरोबर घेतलं. इथेच वन्संची चूक झाली. पोटुशी बाई दारात आली की सुईण आधी सुईण असते, मग बाकी काय ती, हे त्या चारशे बायकांशी बोलूनही विसरल्या. म्हातारीनं मला उंबऱ्यात पाहिलं, हातातली विडी विझवली आणि कॅमेरामनकडे बघून म्हणाली, "बाप्यांनी भायर रवा." तो लाइट लावायला कोपरा शोधत होता. म्हातारीनं त्याला दंडाला धरून बाहेर काढला आणि दार लावून घेतलं. बिचाऱ्यानं मग बाहेरूनच कॅमेरा चालू ठेवला. ती कॅसेट मी पुढे पाहिली. चाळीस मिनिटं नुसतं एक हिरवं दार दिसतं, आतून बायकांचं बोलणं अस्पष्ट ऐकू येतं आणि मधून एक कोंबडी दोनदा येऊन जाते.

आत म्हातारीनं मला चटईवर निजवलं, हात तेलानं चोळून ऊन केले आणि पोट चाचपलं. इतक्या हलक्या हातानं मला तोवर कुणी तपासलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. मग म्हणाली, "ह्यां पायाळू येतलां गो. घराकडे नको. डाक्टराकडे जा. माझ्या हातान दोन पायाळू पोरां गेली, तां मी अजून इसराक नाय." पायाळू म्हणजे पायांकडून येणारं मूल. वन्संची सगळी फिल्म त्या वाक्यासरशी आडवी झाली. पण म्हातारीचं संपलं नव्हतं. माझं लुगडं सारखं करता करता तिनं सहज विचारलं, "आणि तुका काय व्हया?"

मी रडायला लागले. मला काहीही चालेल, कुठेही चालेल, पण पुन्हा त्या खोलीत एकटीला ठेवू नका, असं काहीतरी मी बोलले. गिरगावातले दहा तास सगळे सांगितले. म्हातारी नुसती पाठीवरून हात फिरवत होती. कोपऱ्यात वन्सं वही उघडी टाकून बसल्या होत्या आणि पेन पुन्हा अंबाड्यात गेलं होतं. परतताना बसमध्ये त्यांनी ती वही माझ्या मांडीवर ठेवली. चारशे बायकांची नावं होती. त्यात मीही होते, शेवटच्या पानावर, 'जागा आणि सामान' या मथळ्याखाली, लोखंडी कपाटाच्या वर. "तुलाच विचारलं नाही गं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या जवळच्या नर्सिंग होममध्ये जाऊन धडकल्या. तिथले डॉक्टर हुशार, पण नियमांचे पक्के. नवऱ्यालाही लेबर रूमच्या दाराला हात लावू देत नसत. वन्संनी त्यांना सांगितलं की आधुनिक प्रसूतीवर एक माहितीपट काढायचाय आणि त्यात एक कुशल डॉक्टर दाखवायचाय. डॉक्टरांनी दोन दिवस विचार केला, केस काळे केले, लेबर रूमला नवे पडदे लावले आणि परवानगी दिली: फक्त वन्सं एकट्या, कॅमेरा घेऊन. ऐकून कॅमेरामन हरखला. आपला कॅमेरा त्यानं त्यांना चालवायला शिकवला, नवी कोरी कॅसेट घालून दिली आणि म्हणाला, "ताई, असला शॉट अख्ख्या बॉम्बेत कुणाकडे नसेल." वन्सं त्याच शॉटसाठी सहा महिने झुरत होत्या हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवशी सकाळी दहाला मला आत नेलं आणि मागोमाग खांद्यावर कॅमेरा घेऊन वन्सं आल्या. त्यांनी तो स्टुलावर ठेवला, माझ्या उशाशी आल्या आणि माझा हात धरला. सिस्टर जवळ आली की म्हणायच्या, "काय करताय ते आधी तिला सांगा." पहिल्यांदा सिस्टर वैतागली, दुसऱ्यांदा कुरकुरली, आणि तिसऱ्यांदा आपणहून सांगायला लागली. डॉक्टर आले ते कॅमेऱ्याकडे तोंड करूनच. "माझी डावी बाजू चांगली येते," त्यांनी हळूच सुचवलं आणि "आता आपण पाहत आहोत" असं म्हणत पायाळू प्रसूतीची सगळी माहिती भिंगाला समजावून दिली. भिंगावर काळं झाकण तसंच होतं. मला ते कळांच्या मधल्या वेळात दिसलं आणि त्या अवस्थेतही हसू आलं. दुपारी चारच्या सुमारास मला मुलगी झाली. आधी पाय आले आणि मग बाकीची. डॉक्टरांनी खरोखर फार चांगलं काम केलं, पण ते कॅसेटवर कुठेच नाही. पुढे दोन वर्षं ते फिल्मची चौकशी करत होते. वन्सं "एडिटिंग चालू आहे" म्हणायच्या आणि नंतर नंतर तर त्यांनी बाजारात जायचा रस्ताच बदलला.

फिल्म कधीच झाली नाही. रजा संपली, वन्सं कचेरीत गेल्या आणि वर्षभरात त्यांच्या डोक्यात मधमाश्या शिरल्या. माझी मुलगी मोठी होऊ लागली तशी सोसायटीत कुणाची पाठ धरली की उतारा म्हणून पायाळूची लाथ खायला लोक आमच्याकडे येऊ लागले. मी मात्र बरीच वर्षं चारचौघांत वन्संच्या त्या झाकणाची थट्टा केली. एवढा आटापिटा करून मिळालेला शॉट या बाईच्या वेंधळेपणानं कसा गेला, ते मी रंगवून सांगायची आणि वन्संही सगळ्यांबरोबर हसायच्या.

शेवटच्या आजारपणात मी इस्पितळात त्यांच्याजवळ बसले होते तेव्हाही बोलण्याबोलण्यात ते निघालं. "वन्सं, तेवढं झाकण काढायला विसरला नसतात तर," मी म्हटलं.

"विसरले नव्हते गं," त्या म्हणाल्या. "कॅमेऱ्याला डोळा लावायचा तर तुझा हात सोडावा लागला असता."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि जेवणाची गाडी येईपर्यंत तशीच बसून राहिले.