नाचणगाववालीची मोठी चाल

ओजस आणि मीरा, गेल्या रविवारी फोनवर ओजस फार चिडलेला होता. मित्रांबरोबर पोकर खेळताना त्याच्याकडे दोन एक्के होते, सगळ्यांना खेळात ठेवावं म्हणून तो हळूहळू चाली करत राहिला, आणि शेवटच्या पानावर कुणीतरी दुर्री-सत्तीवाला जिंकून गेला. "आजी, माझं नशीबच वाईट आहे," असं तू म्हणालास, ओजस. मी तेव्हा हो म्हटलं, कारण तिकडे परदेशात तुझ्याकडे रात्रीचे किती वाजले होते मला ठाऊक नव्हतं, आणि तुला जागं ठेवायचं नव्हतं. पण नंतर वाटलं, तुम्हा दोघांना नाचणगाववालीबद्दल सांगायला हवं. ती इथे असती तर तिनेच फोन माझ्या हातातून घेतला असता.

आमच्या पिपरी मेघेत तिच्याइतकं धीट माणूस दुसरं झालं नाही, आणि वर्धा जिल्ह्यात असेल तर ते अजून माझ्या समोर आलेलं नाही. तिचं माहेर पुलगावजवळच्या नाचणगावचं, म्हणून सगळी गल्ली तिला नाचणगाववाली म्हणते. सासरी भाजीपाल्याची शेती. नवरा लवकर गेला, तेव्हापासून वांगी, मेथी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, हे सगळं पिकवणं आणि विकणं दोन्ही तिनेच केलं, आणि हंगाम हलका असला की दुसऱ्यांचा मालही घेऊन विकला. मी तिच्या शेजारी राहायला आले तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. मी इंग्रजी शिकवत असे हे कळल्यावर तिने मला मॅडम म्हणायला सुरुवात केली आणि त्याच दिवशी माझ्या कुंड्यांतली मोगऱ्याची रोपं न विचारता उपटून उन्हाच्या बाजूला लावली. रोपं जगली, म्हणून मी काही बोलले नाही.

बुधवारी दुपारी आम्ही चौघी तिच्या ओसरीवर पत्ते खेळायचो. ती, मी, किराणा दुकानाच्या शेठाणी आणि निवृत्त नर्स, जिला सगळे सिस्टर म्हणतात. आधी रमी चालायची. मग तिचा मुलगा, जो पुण्याला नोकरी करतो, एका उन्हाळ्यात येऊन हा तुमचा खेळ शिकवून गेला: दोन पत्ते हातात, पाच पत्ते मधे एकेक टप्प्याने उघडायचे, आणि प्रत्येक टप्प्यावर चाल. पैसे लावायचे नाहीत ही अट माझी. म्हणून प्रत्येकीला वाटीभर चिंचोके. शेठाणी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "चिंचोके पे कौन रोयेगा?" पुढच्याच बुधवारी त्या स्वतः रडवेल्या होऊन घरी गेल्या, कारण नाचणगाववालीने त्यांची वाटी अर्ध्या तासात रिकामी केली होती.

तिची खेळायची तऱ्हा अशी. पत्ते वाईट आले तर ती ते तोंड वाकडं न करता खाली ठेवायची आणि चहाचं आधण टाकायला उठायची. आम्ही मात्र कुतूहलापोटी बसून राहायचो. चांगले आले तर ती पहिल्याच फेरीला मूठभर चिंचोके मधे ढकलायची आणि वर सांगायची, "मायाजवळ चांगले पत्ते हायेत. ज्यायले उठाचं असन त्यायनं आताच उठा, मंग रडू नोका." ती खरं बोलते यावर कुणाचाच विश्वास नसायचा. जाहीरपणे खरं सांगून माणसांना फसवण्याची ही कला मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. कधीमधी ती अगदी फालतू पत्त्यांवरही तेच वाक्य त्याच चेहऱ्याने म्हणायची, आणि नेमक्या तेव्हाच सिस्टर विश्वास ठेवून हातातली जोडी टाकून द्यायच्या. नंतर ती आपले पत्ते उलटे करून दाखवायची आणि सगळ्यांत मोठ्याने स्वतःच हसायची.

तुझ्यासारखे दोन एक्के मलाही एकदा आले होते, ओजस. आणि मीही अगदी तुझ्यासारखीच खेळले. माणसं पळून जाऊ नयेत म्हणून दोन-दोन चिंचोके टाकत राहिले. सिस्टर दुर्रीची जोडी घेऊन फुकटात बसून राहिल्या आणि शेवटच्या पानावर त्यांना तिसरी दुर्री आली. मी पत्ते जरा जोरातच खाली ठेवले असतील.

"काऊन चिडून राह्यल्या मॅडम?" नाचणगाववालीने विचारलं.

"नशीब," मी म्हटलं.

"नशीब-बिशीब काई नाई. तुम्ही तिले बसू देलं. पयलेच मूठभर टाकले असते, तं हे सिस्टर कवाचीच उठून गेली असती. काहो सिस्टर?"

"गेले असते," सिस्टर म्हणाल्या. "मला वाटलं मॅडमकडे काहीच नाही. किती प्रेमाने एकेक टाकत होत्या."

मग तिने मला हर्राशीचं उदाहरण दिलं. हर्रास म्हणजे बाजारातला भाजीचा लिलाव. "चांगला ढीग दिसला का मी पयलीच बोली मोठी लावो. हलकी बोली लावली का धा जण उभे राह्यते, अन् त्यातल्या एखाद्याच्या अंगात येते. नशीब तं सगळ्यायलेच येते मॅडम, पण त्याले याले वेळ लागते. आपण त्याले वेळच द्याचा नाई." मी पस्तीस मुलांच्या वर्गात आयुष्यभर उदाहरणं देऊन शिकवलं, पण इतकं नेटकं उदाहरण मला एकदाही सुचलं नव्हतं.

ही रीत फक्त पत्त्यांपुरती नव्हती. तिच्या मुलीला बघायला पाहुणे आले, की पोह्यांच्या बश्या यायच्या आधीच ती सांगायची, "पोरगी नोकरी सोडनार नाई, सैपाक दोघंही करतीन, अन् हुंडा मी देत नाई. जमत नसन तं राग नाई, चहा घेऊन जा." दोन स्थळं खरंच चहा घेऊन गेली. मी तिला म्हटलं, जरा दमाने घ्यावं, पहिल्या भेटीत इतकं बोलू नये. ती म्हणाली, "मंग कधी बोलू, बारशाले?" तिसऱ्या स्थळाचा मुलगा बशी खाली ठेवून म्हणाला की स्वयंपाक त्याला येतो, फक्त भाकरी थापता येत नाही. तो आज तिचा जावई आहे, आणि भाकरी अजून त्याला जमत नाही.

ती कधी हरायचीच नाही असं मात्र समजू नका. मोठी चाल करूनही कुणीतरी मागे चिकटून राहायचं आणि शेवटचं पान उलटं पडायचं. तेव्हा ती एवढंच म्हणायची, "मी बरोबर खेळलो, पान चुकलं," आणि पुढचे पत्ते पिसायला घ्यायची.

गेल्या वर्षी ती न्हाणीत घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण मुलगा घाबरला. दिवाळीला आला तो आईला पुण्याला न्यायचं ठरवूनच. ती म्हणाली, मी इथून हलत नाही. चार दिवस दोघांचं तेच चाललं. आमची भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू यायचं. शेवटी तीच म्हणाली, "चाल, डाव लावू. मी जिंकलो तं पुन्हा पुन्याचं नाव काढाचं नाई. तू जिंकला तं मी येतो." ज्याचे सगळे चिंचोके संपतील तो हरला. मुलगा लगेच तयार झाला, आणि मला त्याची कीव आली. आम्ही तिघी ओसरीवर बघायला बसलो. शेठाणींनी चिवडा आणला होता, पण कुणी हात लावला नाही. तिच्याशिवाय बुधवार कसा जाईल हे आम्हा तिघींनाही उमगत होतं, आणि आम्ही उघडपणे तिच्या बाजूच्या होतो.

पहिले दोन डाव किरकोळ गेले. तिसऱ्याला तिने पत्ते पाहिले आणि वाटीच्या वाटी मधे ओतली.

"मायाजवळ चांगले पत्ते हायेत. सोडून दे."

"माहीत हाये," मुलगा म्हणाला.

"तुयाजवळ काई नाई."

"नाई ना. काईच नाई."

"मंग सोड ना बापू. थोडेसेच चिंचोके जातीन. पुढचा डाव हाये ना."

"आज सोडलं का उद्याही सोडावं लागते. असं सोडत सोडतच तं मी पुन्याले जाऊन बसलो, अन् तू इथं एकटी पडली." त्याने आपली वाटी तिच्या ढिगावर रिकामी केली.

पत्ते उघडे झाले. तिच्याकडे दोन राजे. त्याच्याकडे सत्ती आणि चौकी, तीही वेगवेगळ्या रंगांची. सिस्टरनी सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. मधल्या पहिल्या तीन पत्त्यांत एक सत्ती आली. चौथ्यात काहीच नाही. पाचवा पत्ता त्यानेच उलटला, आणि तीही सत्तीच निघाली: त्याच्या तीन सत्त्यांपुढे तिचे दोन राजे हरले.

शेठाणी म्हणाल्या, "ये तो कोई खेलना नहीं हुआ. दुबारा खेलो." मलाही तेच म्हणायचं होतं. पण नाचणगाववालीने हात वर केला. "दुबारा-बिबारा नाई. मी बरोबर खेळलो, पान चुकलं." आणि मग मुलाकडे पाहून, "तू एकदम मूर्खासारखा खेळला." तो मान खाली घालून चिंचोके गोळा करत होता. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

सामान बांधताना मी तिला विचारलं, वाईट वाटतं का. ती लुगड्यांची घडी घालत म्हणाली, "भाव वाढवला का मानूस उठते मॅडम, कारण त्याले दुसरा ढीग दिसते. ज्याले दुसरा ढीगच नाई, त्याले कसं उठवाल?" मग घडी केलेलं लुगडं पेटीत ठेवत, "असा एकच निंगाला. अन् तो मायाच पोटचा."

ती आता पुण्यात सहाव्या मजल्यावर राहते. तिथल्या ज्येष्ठ मंडळींच्या मंडळात रमीच खेळतात, आणि तीही म्हणे फार सभ्यपणे. फोनवर तिचा आवाज पूर्वीपेक्षा थोडा हळू वाटतो, पण कदाचित तो फोनचा दोष असेल. मुलगा रोज संध्याकाळी तिला खाली बागेत फिरवून आणतो.

तेव्हा ओजस, मोठी चाल कर, पहिल्याच फेरीला कर. पुष्कळ वाईट पानं त्याने टळतील. सगळी टळणार नाहीत, आणि तेव्हा समोर कोण आणि कशासाठी बसून राहिलं होतं हेही एकदा पाहून घे.

इथे तिची ओसरी बंद आहे. बुधवारी दुपारी आम्ही तिघी आता माझ्या घरी बसतो, आणि खेळतो.