मावशींच्या वाटणीची सहा मुलं

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, लाँड्रीला लागून, पाळणाघराच्या तीन खोल्या होत्या. नर्सची, सफाई कामगारांची, कारकुनांची मिळून तीस मुलं तिथे दिवसभर असायची. पाळणाघराच्या मुख्य बाई विशीत आया म्हणून तिथे लागल्या होत्या. मुख्य व्हायला त्यांना बावीस वर्षं लागली. लोक त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

एके दिवशी दोन वर्षांचा एक मुलगा दिसेनासा झाला. शोधाशोध झाली, तेव्हा तो लाँड्रीत चादरींच्या ढिगावर पाय हलवत बसलेला सापडला. चादरी पोचवायला आलेल्या माणसाचं बोट धरून तो निघून गेला होता.

"मी परत सोडायलाच निघालो होतो, बाई," तो माणूस कानकोंडा होऊन म्हणाला. "पण हा बोट सोडेल तर ना!"

बाकीच्या बायका पोट धरून हसल्या. बाईंना मात्र त्या दिवशी डबा गोड लागला नाही. मूल परक्याबरोबर गेलं, कारण त्याच्या लेखी आपलं असं तिथे कुणी नव्हतंच. एक बाई सगळ्यांना दूध पाजायची, दुसरी धुवायची, तिसरी झोपवायची. दिवसभर मूल या हातातून त्या हातात फिरायचं आणि संध्याकाळी 'आज हा नीट जेवला का?' असं आईने विचारलं, की सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या.

बाईंनी ठरवलं, कामं वाटायची नाहीत, मुलं वाटायची. पाच बायका, प्रत्येकीला सहा मुलं. दूध, आंघोळ, झोप, रडणं, सगळं तिनेच बघायचं.

लहानांच्या खुर्च्यांवर कशाबशा बसून बायकांनी हे ऐकलं. सगळ्यात आधी दुधाच्या मावशी उठल्या. सोळा वर्षं त्या फक्त दूध बघत होत्या. मनगटावर थेंब टाकला की दूध किती ऊन आहे ते त्यांना बिनचूक कळे.

"मला मुलं नकोत," मावशी म्हणाल्या. "माहेरी चार भावंडं कडेवर वाढवली, तेवढं पुरे झालं. मला माझ्या बाटल्या द्या. बाटली गळ्यात पडत नाही."

"महिनाभर करून बघा, मावशी. नाही जमलं तर मी बाटल्या परत देते. शब्द देते."

तो महिना वाईट गेला. दूध उशिरा, आंघोळी उशिरा, वरून पालकांची कुरबूर. घरी बाईंना नवरा म्हणाला, "सुखातला जीव दुःखात घालायची तुला हौसच आहे." बाईंनी दोन पावलं मागे घेतली, दुधाची वेळ बदलली, एकीची दोन तान्ही दुसरीला दिली. ओरडल्या कुणावर नाहीत. रोज दुपारी मुलं झोपली की प्रत्येकीला विचारायच्या, "आज कुठे अडलं?"

मावशींच्या वाटणीला गुंडी आली. वर्षाची पोर. डोळे बटणासारखे गोल, म्हणून गुंडी. ती कुणाच्याच हातून दूध घेत नसे. मावशींनी आठ दिवस तिच्यापुढे नुसती बैठक मारली. नवव्या दिवशी पोर रांगत आली आणि मावशींच्या मांडीवर डोकं टाकून तिने बाटली संपवली. महिना संपल्यावर बाईंनी विचारलं, "काय मावशी, बाटल्या परत हव्यात?"

"जा हो, कामं करा तुमची," मावशी गुंडीचं नाक पुसत म्हणाल्या.

वर्षभर पाळणाघर चांगलं चाललं. मग हॉस्पिटलने ते एका ठेकेदाराकडे दिलं. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनी बाईंना बोलावून कागद पुढे सरकवला. पाचाऐवजी चार बायका, आणि त्या सगळ्या किमान दहावी पास. मावशींचं शिक्षण सातवी होतं.

"मागचा बदल तुम्ही किती छान घडवलात," साहेब म्हणाले. "हाही तुम्हीच सांभाळा. शनिवारपर्यंत."

"मुलांना सवय करायला दोन महिने तरी द्या, साहेब."

"मुलांना काय कळतंय, बाई? चार दिवस रडतील."

हातात आठ दिवस होते. बाई रोज वर खेटे घालत होत्या, अर्ज देत होत्या, नर्सच्या संघटनेला भेटत होत्या. आज ना उद्या निर्णय फिरेल, तोवर मावशींच्या जिवाला घोर कशाला, म्हणून त्या गप्प राहिल्या. शनिवारी संध्याकाळी मावशी चप्पल घालताना म्हणाल्या, "येते हं बाई." बाईंनी मान हलवून खोलीला कुलूप घातलं. सोमवारी मावशींना वॉचमनने फाटकातूनच परत पाठवलं.

गुंडी दारापाशी जाऊन बसली. पहिले दोन दिवस रडली, मग रडायचीही थांबली. दूध घेईना, भात तोंडात धरून ठेवी. तिसऱ्या आठवड्यात तिला वरच्या मजल्यावर सलाईन लावलं. तिची आई तिथेच नर्स होती. ती खाली आली.

"तुम्हाला आधी माहीत होतं?"

"आठ दिवस," बाई म्हणाल्या.

"मग मला तरी सांगायचंत. मी रजा काढली असती, हळूहळू तिची सवय सोडवली असती."

बाई मावशींच्या घरी गेल्या. मावशी दारातच मेणबत्त्या खोक्यांत भरत बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, पण 'बसा' म्हटलं नाही.

"एकदा गुंडीला भेटून जा, मावशी. निरोप घेतल्यासारखं होईल. मी साहेबांशी भांडून परवानगी काढते."

"परत एकदा सोडून जायला येऊ?" मावशींचा हात थांबला. "मी मुलं मागितली नव्हती, बाई. तुम्ही माझ्या पदरात घातलीत. ओढून घेताना निदान तोंडाने सांगायचंत."

पेला ठेवून बाई निघाल्या.

गुंडी वाचली. आईने तिला आजीकडे ठेवलं, पाळणाघरात पुन्हा आणलं नाही. बाईंनी घडलं ते सगळं, स्वतःच्या चुकीसकट, व्यवस्थापकांना लिहून दिलं आणि पालकांच्या सह्या घेतल्या. तेव्हा कुठे ठेकेदाराने एक अट मान्य केली. कुणालाही काढायचं तर महिनाभर आधी सांगायचं आणि मुलांसमोर निरोप घेऊ द्यायचा. मावशी परत आल्या नाहीत. बाजारात बाई दिसल्या, की रस्ता ओलांडून पलीकडे जातात.

लिहून दिलेलं अंगाशी आलंच. ठेकेदाराने आपल्या ओळखीतल्या एकीला मुख्य म्हणून आणलं. बाई पुन्हा आया झाल्या. त्यांच्या वाटणीला आता आठ मुलं आहेत.

परवा नवरा म्हणाला, "लेकीकडे जाऊ की महिनाभर. आता कसली जबाबदारी आहे तुझ्यावर?"

"आठच दिवस," बाई म्हणाल्या. "आणि पुढच्या महिन्यात. पोरांना सांगायला वेळ हवा मला."