टोपलीला हात

परवा पनवेलच्या मासळी बाजारात शिरले आणि ओल्या बोंबलांच्या वासाने मला एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका सकाळी नेऊन ठेवलं.

मुलगी दीड महिन्याची होती. नवरा ऑफिसला गेला की मी फरशीकडे बघत बसून राहायचे. ती रडत असायची, आणि आपण नसलो तर हिचं बरं होईल, असं मला अगदी शांतपणे वाटायला लागलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी आमच्या नेहमीच्या कोळीण हिराबाई दारात आल्या. मी "आज काही नको" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत रडणाऱ्या बाळाकडे.

"नको घेऊ. टोपलीला हात तरी लाव गो. माझ्या एकटीला नाय उतरत."

मी हात लावला. टोपली गार होती, जड होती. दोघींनी ती खाली ठेवली आणि मला रडू फुटलं. मनातलं सगळं बोलून गेले. त्या उंबऱ्यातच बसल्या, बाळाला मांडीवर घेतलं.

"नवऱ्याला फोन लाव. तो येईस्तवर मी हाय."

टोपलीतला बर्फ वितळून पाणी जिन्यावरून वाहत राहिलं. त्या हलल्या नाहीत. दुपारी नवरा आला, संध्याकाळी आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. मी माणसांत यायला वर्ष लागलं.

परवा हिराबाई बाजारात दिसल्या. आता सत्तरीच्या. डोक्यावरची भरलेली टोपली त्यांनी एकटीनेच, कुणाला हाक न मारता, अलगद खाली ठेवली.