केशरअक्काचे डबे

सुप्याहून उठून गणेशगुडीत आलेली केशरअक्का लग्नाकार्यात स्वयंपाक करायची. चूल पेटवायच्या आधी ती तोंडपाठ यादीतलं एकेक नाव घेऊन प्रत्येक डब्याला हात लावायची. "आमटी उकळल्यावर मीठ हुडकीत बसणारी मी न्हवं," असं ठणकावायची.

१९९९ साली मी तिच्या शेजारी राहायचो आणि संगणकावर लिनक्स प्रणालीसाठी प्रोग्रॅमची पॅकेजं बांधायचो. बांधणीच्या सूचना लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये पॅचची, म्हणजे दुरुस्तीच्या फायलींची, नावं असतात. त्यातली एखादी फाईल नसली की तासभर चाललेलं काम मध्येच बंद पडायचं आणि माझं डोकं फिरायचं. शेवटी अक्काचंच बघून मी एक प्रोग्रॅम लिहिला. तो आधीच यादी वाचून कुठली फाईल जागेवर नाही ते सांगायचा.

महिनाभर सुखात गेला. मग एकदा त्यानं सगळं आहे म्हणून सांगितलं, पॅकेजही बांधून झालं, पण पॅचनं जी चूक जायला हवी होती ती तशीच. अर्धा दिवस शोधल्यावर कळलं, एक फाईल जागेवर होती, पण आतून रिकामी.

मी चिडून अक्काला सगळं सांगितलं. "तुझ्यासारखंच तर केलं होतं."

"नुसता हात लावून काय हुतंय," ती म्हणाली. "मी डबा उचलून बघते."